सूक्ष्म आरएनए आणि कोरोना विषाणू : एक ओळख

मे २०२० मध्ये मुंबईचे चाकरमानी गावी परतू लागले. खारेपाटणचा तपासणी नाका ओलांडून कित्येक कुटुंबे आमच्या तळेरे परिसरात उतरली. गावोगावच्या शाळांत त्यांचे विलगीकरण झाले. त्या दिवसांतला एक प्रश्न विद्यार्थी आजही आम्हांस विचारतात. एकाच घरात राहणाऱ्यांपैकी एकास नुसती सर्दी झाली आणि दुसऱ्यास प्राणवायू लावावा लागला, असे का?

वय, मधुमेह, रक्तदाब ही कारणे आहेतच. परंतु पेशीच्या आत चालणाऱ्या एका सूक्ष्म नियंत्रणाचाही शास्त्रज्ञ या संदर्भात अभ्यास करीत आहेत. त्याची ओळख येथे करून घेऊ.

आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. तो तलाठ्याच्या दप्तरातील मूळ सातबाऱ्यासारखा समजावा. मूळ कागद दप्तराबाहेर जात नाही, त्याची नक्कल दिली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. पेशीतील रायबोसोम ती वाचून प्रथिन तयार करतात. सूक्ष्म आरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा लहानसा तुकडा असतो. तो जुळणाऱ्या नकलेला चिकटतो व ती वाचली जाऊ देत नाही किंवा नष्ट करवितो. मूळ दप्तराला मात्र तो हात लावत नाही.

असा पहिला तुकडा व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या संशोधनातून १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत उजेडात आला. प्रारंभी ती त्या कृमीचीच खोड वाटली. २००० साली दुसरा तुकडा मिळाला व तो माणसातही आढळला, तेव्हा तिचे महत्त्व पटले. या कार्यासाठी दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कोरोना विषाणूकडे वळू. त्याचा जनुकसंच सुमारे ३०,००० अक्षरांचा असून तो आरएनएचाच आहे. त्यामुळे पेशीत शिरताच आपले रायबोसोम त्याला घरचीच नक्कल समजून वाचू लागतात. २०२१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, बाधित पेशीत या विषाणूच्या आरएनएपासून सूक्ष्म आरएनएसारखा एक तुकडा तयार होतो. इंटरफेरॉन या आपल्या संरक्षक यंत्रणेशी संबंधित एका जनुकाची नक्कल तो दाबू शकतो. म्हणजे आपलेच नियंत्रणाचे साधन चोर आपल्याविरुद्ध वापरतो!

रुग्णांच्या रक्तातही काही सूक्ष्म आरएनएंचे प्रमाण बदललेले दिसले. दाहाशी निगडित मायआर-१५५ हा त्यांपैकी एक. परंतु प्रमाण बदलले म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून प्रमाण बदलले? हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. प्रयोगशाळेतील निरीक्षण म्हणजे औषध नव्हे. सूक्ष्म आरएनएवर आधारलेले कोरोनाचे उपचार अद्याप दवाखान्यात रूढ झालेले नाहीत. त्या नावाने कोणी काही विकू लागल्यास सावध राहावे.

आणखी एक गैरसमज दूर करू. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती संदेशवाहक आरएनएची लस आहे. सूक्ष्म आरएनएशी तिचे केवळ नावाचे साम्य. ती पेशीला केवळ एक तात्पुरती नक्कल पुरविते. आपल्या डीएनएत ती बदल करीत नाही. 'लशीने जनुके बदलतात' ही अफवा ऐकून ज्यांनी लस टाळली, त्यांना हे कोणी समजावून सांगितले असते, तर कदाचित काही घरांतील दुःख टळले असते.

विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात, पुण्यात, १९५२ पासून आहे. २०२० साली तेथे रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा करण्यात आला. आपल्या भागातील मुलामुलींनी जीवशास्त्राचा अभ्यास करून अशा संस्थांपर्यंत पोहोचावे. आणि ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांनी ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीस 'हे कशावरून?' एवढे तरी विचारावे, ही आमची विनंती.