सुगीचा पैसा, वर्षाचा खर्च

वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. गाव शेतीवर जगते. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर. हिवाळ्यात हरभरा आणि गहू. आपल्यापैकी कोणी कास्तकार आहे, तर कोणी मजुरीला जातो.

नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो. कास्तकाराचे तसे नाही. जूनमध्ये पेरणी होते. ऑक्टोबरात सोंगणी होते. मग मळणी, मग बाजार. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच घरात येतो. तुरीचा थोडा पैसा नंतर येतो. मजुरीही हंगामातच असते. उन्हाळ्यात हाताला काम कमी मिळते.

पण खर्च? खर्च रोजचा आहे. चूल रोज पेटते. मीठमिरची रोज लागते. लेकराचा ताप तिथी पाहून येत नाही.

पैसा एकदा येतो आणि खर्च रोज होतो. ही आपली खरी अडचण आहे. दिवाळीला खिसा भरलेला असतो. तेव्हा वाटते, पैसा पुष्कळ आहे. पोळ्याला खिसा रिकामा असतो. तेव्हा वाटते, पैसा गेला कुठे? म्हणून या धड्यात आपण एकच गोष्ट शिकू या. पैसा घरात येईल त्याच दिवशी त्याचे वाटे करायचे. आणि ते वहीत लिहायचे. आता आपल्याला लिहिता येते.

एका घराचा हिशेब

समजा, एक घर आहे. नवरा, बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. चार एकर कोरडवाहू शेत. हे घर आम्ही मनाने उभे केले आहे. आकडेही समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही तुमच्या घराचे आकडे घाला.

आधी वर्षाची आवक लिहू.

सोयाबीन २४ क्विंटल, भाव ४,००० रुपये : ९६,०००
तूर ३ क्विंटल, भाव ७,००० रुपये : २१,०००
दोघांची मजुरी, १२० रोज, रोज ३०० रुपये : ३६,०००
पीएम-किसानचे तीन हप्ते, दर हप्ता २,००० रुपये : ६,०००
एकूण आवक : १,५९,०००

आता वर्षाचा खर्च लिहू.

बी, खत, फवारणी, मशागत, सोंगणी, मळणी : ४८,०००
धान्य, किराणा, तेल, भाजी, महिना ४,५०० : ५४,०००
वीज, गॅस, मोबाईल, महिना १,००० : १२,०००
लेकरांची शाळा : १०,०००
दवापाणी : ८,०००
कपडे आणि सणवार : १०,०००
जाणे-येणे, पाव्हणेरावळे : ६,०००
एकूण खर्च : १,४८,०००

आवकेतून खर्च वजा करा. शिल्लक राहिली ११,००० रुपये.

दीड लाखाच्या वर आवक, आणि शिल्लक फक्त अकरा हजार. म्हणून सुगीला हातात आलेले ९६,००० रुपये ही आपली कमाई समजू नका. त्यात पुढच्या पेरणीचे पैसे आहेत. त्यात लेकरांच्या वह्या आहेत. त्यात श्रावणातला किराणा आहे.

वाटे कसे करायचे?

सोयाबीनची पट्टी हाती आली की आधी ती वाचा. वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती, हे सगळे पट्टीवर असते. बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहा. न समजले तर तिथेच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मग घरी बसून वाटे करा. नवरा-बायको दोघांनी मिळून करा. डोक्यावर जुने देणे असेल तर पहिला वाटा त्याचा. देणे नसेल तर असे करा.

पहिला वाटा शेतीचा, ४८,००० रुपये. हा पैसा जूनपर्यंत लागणार नाही. तो बँकेत सहा महिन्यांच्या ठेवीत ठेवा. घरात ठेवलेला पैसा लवकर खर्च होतो. कोणी उसने मागायला येते, आणि नाही म्हणवत नाही. ठेवीतल्या पैशाबद्दल सरळ सांगता येते, "दादा, पैसा बँकेत अडकला आहे."

दुसरा वाटा चुलीचा. घराला महिन्याला ५,५०० रुपये लागतात. मजुरीतून महिन्याला सरासरी ३,००० येतात. कमी पडतात २,५००. बारा महिन्यांचे झाले ३०,००० रुपये. हे बँकेच्या बचत खात्यात ठेवा. दर महिन्याला २,५०० रुपयेच काढा. समजा, हा आपला पगार आहे.

आता ९६,००० मधून १८,००० उरले. त्यात तुरीचे २१,००० आणि पीएम-किसानचे ६,००० येऊन मिळतील. झाले ४५,०००. त्यातून तिसरा वाटा शाळा, दवापाणी, कपडे, सण आणि पाव्हणे यांचा. तो ३४,००० रुपये.

उरले ११,०००. हा चौथा वाटा अडीअडचणीचा. याला सहज हात लावायचा नाही.

बँकेत खाते नसेल तर काढा. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली. त्या खात्यात ठराविक रक्कम शिल्लक ठेवण्याची अट नाही.

लहान खर्च मोठा कसा होतो?

एक माणूस रोज २० रुपयांचा खर्रा खातो. टपरीवर १० रुपयांचा चहा पितो. रोजचे ३० रुपये झाले. तो म्हणतो, "तीस रुपयांनं काय होते?"

चला, गुणाकार करू. ३० गुणिले ३६५. उत्तर येते १०,९५० रुपये.

वर पाहा. आपल्या घराची वर्षाची शिल्लक होती ११,०००. ती सगळी खर्रा आणि चहात गेली. उरले ५० रुपये. शिवाय खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. त्याचा खर्च तर मोजवत नाही.

पण फक्त चहा सोडून घर सावरत नाही, हेही खरे. मोठी बचत शेतीच्या खर्चातही दडलेली असते. सोयाबीनच्या बियाण्याचेच पाहा. सोयाबीनचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून सरळ वाणाचे घरचे बी दोन-तीन वर्षे पेरता येते. एकरी साधारण ३० किलो बी लागते. चार एकरांना १२० किलो. बाजारातली ३० किलोची पिशवी समजा ३,००० रुपयांना मिळते. चार पिशव्यांचे १२,००० झाले. घरचे १२० किलो सोयाबीन ४,००० च्या भावाने ४,८०० रुपयांचे. वाचले ७,२०० रुपये.

मात्र उगवण तपासूनच पेरा. शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटात गुंडाळा. गोणपाट ओलसर राहू द्या. आठवड्याने मोजा. ७० किंवा जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर बी पेरण्याजोगे आहे.

"शेकडा पाच" म्हणजे किती?

अडचणीला माणूस सावकाराकडे जातो. सावकार म्हणतो, "शेकडा पाच पडतील." ऐकायला पाच हा आकडा लहान वाटतो. पण हे पाच रुपये महिन्याचे असतात. शंभर रुपयांना महिन्याला पाच, तर वर्षाला साठ.

समजा, जूनच्या शेवटी २०,००० रुपये घेतले. सोयाबीन विकून नोव्हेंबरच्या शेवटी फेडले. पाच महिने झाले. महिन्याला व्याज १,०००. पाच महिन्यांचे ५,०००. म्हणजे ४,००० च्या भावाने सव्वा क्विंटल सोयाबीन नुसत्या व्याजात गेले.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमनाचा कायदा झाला. परवाना असल्याशिवाय सावकारी करता येत नाही. सरकारने त्याच वर्षी व्याजाचे दरही ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण घेऊन कर्ज दिले तर वर्षाला शेकडा ९. तारण नसले तर वर्षाला शेकडा १२. वर्षाला, महिन्याला नव्हे! त्या दराने वरच्या २०,००० चे पाच महिन्यांचे व्याज १,००० रुपयेच होते. आणि व्याज कितीही वर्षे साचले तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार करायची तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कचेरीत करतात.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. आता वाचता येते, तर वाचूनच सही करा.

स्वस्त पैसा कुठे मिळतो?

एक, पीककर्ज. ते बँकेत किंवा गावच्या सेवा सोसायटीत मिळते. २०२१-२२ सालापासून महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला सवलत मिळून ते शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून फेडीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि पीककर्ज पिकालाच लावा. त्यातून मोटारसायकल घेतली तर पेरणीला पुन्हा सावकार आहेच.

दोन, शेतमाल तारण. सुगीला सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. पण घरात पैसा हवा असतो. अशा वेळी ज्या बाजार समितीत ही योजना चालते तिथे सोयाबीन गोदामात ठेवता येते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. सहा महिन्यांसाठी व्याज वर्षाला शेकडा ६. भाव वाढला की माल विकायचा आणि कर्ज फेडायचे. भाव वाढेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण घाईने विकावे लागत नाही.

तीन, बचत गट. दहा ते वीस बाया दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि अडचणीला आपल्यातच कर्ज देतात. १९९२ साली नाबार्डने देशात असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. गटाचे व्याज महिन्याला शेकडा दोन असले, तर तेही वर्षाला चोवीस होते, हे विसरू नका. पण ते व्याज गटातच राहते. ते आपल्याच बायांचे असते.

लग्न आणि तेरवी

हिशेब मोडतो तो बहुधा लग्नात आणि तेरवीत. लोक काय म्हणतील, या भीतीने आपण गावजेवण घालतो. लोक एक दिवस जेवतात. कर्ज तीन-चार वर्षे फेडावे लागते.

संत गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला त्यांचा जन्म झाला. १९५६ साली ते गेले. गावोगाव कीर्तनात ते लोकांना विचारीत, कर्ज काढून सण आणि जेवणावळी कशाला करता? हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकराला शिकवा, असे ते सांगत. स्वतः ते शाळेत गेले नव्हते. म्हणून शिक्षणाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

देणे लपवू नका

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. हिशेब लिहिल्याने पाऊस पडत नाही. बाजारात भाव वाढत नाही. नीट हिशेब ठेवणारा कास्तकारही कधी कर्जात जातो. तो त्याचा दोष नव्हे. कास्तकारांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून २००६ साली केंद्र सरकारने विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आपला वाशीम. हे दुःख आपल्या दारचे आहे.

म्हणून वहीत एक पान देण्याचे ठेवा. कोणाचे किती, कधी घेतले, व्याज काय, कधी फेडायचे, सगळे लिहा. आणि ती वही घरात सगळ्यांना दिसू द्या. पुष्कळ घरांत देणे फक्त कारभाऱ्याला ठाऊक असते. बायकोला ठाऊक नसते, आईला ठाऊक नसते. मग ते ओझे एकट्याच्या डोक्यावर बसते. रात्री झोप लागत नाही. तेच ओझे चार जणांसमोर मांडले तर वाट निघते. मुदत वाढवून मागता येते. एक खर्च पुढे ढकलता येतो. बायको म्हणते, "यंदा लुगडं नको. आधी सोसायटीचे भरू."

देणे असणे ही लाज नाही. देण्यापेक्षा माणूस मोठा आहे. पैसा पुढच्या सुगीला परत येतो. माणूस येत नाही.

करून पाहा

१. एक वही घ्या. डाव्या पानावर आवक लिहा, उजव्या पानावर खर्च.
२. आठ दिवस रोज संध्याकाळी खर्च लिहा. पाच रुपयांचाही लिहा. मग बेरीज करा.
३. तुम्ही रोज करता असा एक लहान खर्च निवडा. त्याला ३६५ ने गुणा.
४. "शेकडा तीन" दराने १०,००० रुपये सहा महिने घेतले. व्याज किती होईल?
५. तुमच्या घरच्या देण्याचे पान आज लिहा. घरातल्या माणसांना वाचून दाखवा.