पळी नको, भांडं पुढे ने

परवा रात्री साडेनऊला नातसुनेचा फोन आला. आवाज रडवेला. "आजी, त्याचा पांढरा झब्बा गेला. आमटी सांडली म्हणून लगेच साबण लावला, तर डाग लालभडक झाला. रक्तच जणू."

म्हटलं, काही गेला नाही. सकाळी उन्हात टाक आणि स्वस्थ बस.

माझा जन्म सांगलीत गेला. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या कपड्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून मिळालेलं आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होणारच. साबणात खार असतो. हळदीत चुना पडला की ती कुंकवासारखी लाल होते, तसंच हे. नव्या मुली ती लाली बघून घाबरतात आणि त्यावर आणखी साबण, मग ब्रश, मग ब्लीच असा मारा करतात. कापडाचं सूत निघतं, डाग जागच्या जागी. अगं, हळदीचा रंग पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो, आणि आमटीतली हळद फोडणीच्या तेलात बसूनच आलेली असते. तेव्हा आधी ते तेल साबणाने काढायचं, मग साबण पूर्ण निघेपर्यंत कपडा खळबळायचा. लाल परत पिवळं होतं. तो पिवळा डाग घेऊन कपडा ओलाच कडक उन्हात पसरायचा, डागाची बाजू वर करून. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. एक दुपार, फार तर दोन. पावसाळ्यात तेवढा धीर धरावा लागतो. आणि हे सगळं पांढऱ्या सुती कपड्याचं हं. रंगीत कपडा उन्हात डागाबरोबर स्वतःचाही रंग घालवून बसतो, आणि रेशमाला तर ऊनही नको, ब्रशही नको. ते सरळ धुणाऱ्याकडे द्यावं.

एवढं फोनवर सांगितलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, विचारायचं ते पोरीने विचारलंच नाही. आमटी सांडली कशी?

तर ऐक. मागच्या दिवाळीत तुमच्याकडे चार दिवस होते, तेव्हा मी बघितलंय. तू टेबलाच्या एका टोकाला पातेलं ठेवतेस आणि तिथून पळी भरून तीन ताटांवरून चौथ्या ताटात नेतेस. मधे ज्याचा खांदा येईल त्याचा शर्ट गेला. माझ्या सासूबाई पंगतीत वाढताना एकच वाक्य म्हणायच्या, "पळी नको, भांडं पुढे ने." ज्याला वाढायचं त्याच्या ताटाच्या काठाला भांडं जवळजवळ टेकलं पाहिजे. मग पळीला चार बोटांचाच प्रवास उरतो.

आणि पळी भरली की ती तशीच उचलायची नाही. तिच्या बुडाला एक थेंब लोंबत असतो. आपल्याला दिसत नाही, कारण आपण वरून बघत असतो. पळीचं बूड भांड्याच्या आतल्या काठाला एकदा पुसून घ्यायचं. तो थेंब भांड्यातच पडतो आणि मग पळी बाहेर येते. तुला सांगते, चादरीवर, टेबलक्लॉथवर, लोकांच्या मांडीवर जे डाग पडतात ना, त्यातले निम्मे ह्या एका थेंबाचे. सासूबाई कार्यातल्या नव्या वाढप्यांची परीक्षा घ्यायच्या ती याच्यावर. बूड पुसलं नाही की त्याच्या हातातलं ओगराळं काढून मिठाची वाटी द्यायच्या.

मीही एकदा चुकलेय. विहिणींच्या पंगतीत घाईघाईने मठ्ठा वाढत होते. कोणीतरी मागून हाक मारली, मी मान वळवली आणि हातही वळला. विहीणबाईंच्या मोतिया रंगाच्या शालूवर पाव वाटी मठ्ठा. धुतल्यावर डाग गेला, पण पुढची पंधरा वर्षं प्रत्येक कार्यात त्या मला बघून पदर सावरून बसायच्या. तेव्हापासून नियम केला. हातात पातळ पदार्थ असताना हाकेला ओ द्यायची ती तोंडाने, मानेने नाही.

आता वाटी. तुमच्या त्या पसरट, उथळ वाट्या दिसायला सुरेख आहेत. त्यात कोशिंबीर द्या. आमटीला उभ्या काठाची खोल वाटी हवी आणि ती दोन भाग भरायची, तिसरा भाग रिकामा. भरून द्यायची माया असेल तर दुसऱ्यांदा वाढावं. वाटी ताटाच्या आतच ठेवायची, जेवणाऱ्याच्या उजव्या हाताशी, अलीकडे. पलीकडे ठेवलीस तर प्रत्येक घास सगळं ताट ओलांडून येणार. भातावर आमटी घ्यायची तर आधी भाताला आळं करावं. आळं म्हणजे झाडाभोवती करतात तसंच, मधे खळगा आणि कडेला बांध. हल्लीची मुलं भाताच्या मुदीवर वरून आमटी ओततात, मग ती घरंगळत ताटाच्या कडेला जाते आणि तिथून मांडीवर.

आमच्या वेळी पोटावर डाग पडत नसत, हे तुझ्या लक्षात आलंय का? पाटावर मांडी घालून बसलं की ताट जमिनीवर, म्हणजे माणसाला वाकावंच लागतं. तोंड आपोआप ताटावर येतं आणि सांडलेलं ताटातच पडतं. टेबलाला माणूस पाठ टेकून बसतो, खुर्ची हातभर मागे ओढलेली असते. ताट आणि तोंड यांच्यामधे सगळं पोट उघडं. म्हणून शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी आमटीचा थेंब ठरलेला. खुर्ची पुढे ओढून बसायला सांग, अर्धं काम होईल. शिवाय तेव्हा पुरुषमंडळी सोवळं नेसून उघड्या अंगाने जेवायची. शर्टच नाही तर डाग कुठला? माझे सासरे जेवणं झाली की पंचाने छाती पुसून मोकळे. आता ते चालणार नाही, मलाही चालणार नाही. पण लांब बाह्यांचा शर्ट घालून मटणाचा रस्सा खायला बसू नये एवढं तरी चालावं. बाही दोनदा दुमडली की ओघळ मनगटावरच थांबतो.

आपलं बायकांचं म्हणशील तर पदर आणि ओढणी. वाढायला वाकलं की खांद्यावरचा पदर पुढे घसरतो आणि बरोबर पातेल्यात बुडतो. तो मागून घेऊन उजवीकडे कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी तर काढूनच ठेव. लांब मंगळसूत्र आत घाल. माझ्या धाकट्या नणंदेचं मंगळसूत्र श्रीखंडातून बाहेर आलेलं मी बघितलंय.

पोरांसाठी फार खर्च करू नकोस. बाजारातली लाळेरी एवढीशी असतात, हनुवटीखालचं वाचतं आणि बाह्या, मांडी तशीच. घरातल्या कुणाचा तरी जुना, मऊ झालेला शर्ट घे. बटणं पाठीमागे येतील असा उलटा घाल आणि बाह्या दुमड. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पोर झाकलं जातं. पोराला गंमत वाटते, आजोबांचा शर्ट घातला म्हणून. जुन्या टर्किश टॉवेलचं लाळेरं शिवलंस तरी चालेल, पण नायलॉनचं नको. नायलॉनवरून आमटी वाहते आणि खाली मांडीत साठते. कापडाने शोषून घेतलं पाहिजे. आणि आमरसाच्या दिवशी ह्या भानगडीतच पडू नये. पोरांना चड्डीवर बसवावं, जेवण झालं की सरळ मोरीत उभं करून दोन तांबे पाणी ओतावं. आंघोळ जेवणाआधी कशाला घालतेस त्या दिवशी?

बाकीचं चटकन सांगते. तेल-तुपाच्या डागावर पाणी लावू नये. आधी बेसन नाहीतर टाल्कम पावडर दाबून ठेवावी, अर्ध्या तासाने झटकावी, मग साबण. थिजलेलं तूप चमच्याच्या पाठीने खरवडावं. दूध, अंडं, चहा यांना आधी गार पाणी. गरम पाण्याने दूध आणि अंडं कापडात शिजतं आणि घट्ट बसतं. सोलकढीचा डाग साबणाने निळसर झाला तर घाबरू नकोस. खळबळून लिंबू लाव, गुलाबी होईल, मग पुन्हा धू. मात्र केळीचा चीक लागला तर नाद सोडून दे. तो आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि कपड्याबरोबरच संपतो. केळीच्या पानावर जेवायला वाढशील तेव्हा पानाची कापलेली बाजू पुसून घे. केळफूल सोलायला बसशील तेव्हा हाताला तेल आणि अंगात जुना गाऊन. आणि कुठलाही डाग चोळू नये, टिपावा. चोळलं की वाटाण्याएवढ्याचा पुरीएवढा होतो.

आता एक गोष्ट, जी मी फोनवर बोलले नाही, कारण हे शेजारीच बसले होते.

ह्यांचा हात गेली चार वर्षं थरथरतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. पहिल्या वर्षी जेवताना रोज शर्टावर सांडायचं. मला वाटलं आपण शहाण्या, म्हणून एक दिवस छोट्या पोराला बांधतात तसं नॅपकिनचं टोक ह्यांच्या कॉलरमधे खोचलं. काही बोलले नाहीत. त्या दिवशी एक पोळी खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, भूक नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी बाजारात जाऊन एकसारखे मोठे पंचे आणले. जेवायला बसताना सगळ्यांनी पंचा घ्यायचा, मांडीवर, आणि एक टोक छातीवरून खांद्यावर, उपरण्यासारखं. मीही घेते. पाहुणे आले तर पाहुण्यांनाही देते. म्हणते, आमच्याकडची पद्धत आहे. लोकांना वाटतं, जुन्या वळणाचं घर. ह्यांना वाटी देते ती जड बुडाची, कपासारखा कान असलेली, निम्मीच भरलेली. मऊ भात आणि घट्ट वरण. पातळ आमटी वेगळी, ती कपाने प्यायची. सांडलं तर मी बघत नाही. पुसायलाही धावत नाही. जेवण झाल्यावर पंचे गोळा करते, सगळे एकदम बादलीत जातात, कुणाच्या पंचावर किती डाग ते मोजायला कुणी बसत नाही.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे आम्ही दोघं पंधरा दिवस यायचं म्हणतोय. तू टेबलाला नॅपकिन मांडतेस, कागदी, त्रिकोणी घडीचे. छान दिसतात. पण तेवढे दिवस ते कपाटात ठेव. पंचे मी घेऊन येते, सहा आहेत. तुझ्या नवऱ्यालाही एक देऊ, झब्बा पांढराच घालू दे त्याला.