या महिन्याचा पाठ : दातेरी कड्याची बॅटरी आणि आपला बचाव



बऱ्याच गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न येतोय. “मोबाइलवर ती छोटी बॅटरी दाखवतात ना, तोंडाला दाते असलेली, मारायला पण चालते म्हणतात, ती गटातून एकदम मागवायची का?” प्रश्न उगाच आलेला नाही. पहाटे अंधारात बाहेर जावं लागतं, रात्रीची लाइट असली की शेतात पाणी धरायला जावं लागतं, बाजारावरून येताना फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत यावं लागतं. म्हणून हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा आणि मग ठरवा.

१. हे कडं म्हणजे काय?

या बॅटरीच्या काचेभोवती धातूचं कडं असतं. त्याला करवतीसारखे, पण बोथट दाते असतात. काच फुटू नये म्हणून ते काचेच्या पुढे आलेलं असतं. बॅटरी तोंडावर पालथी ठेवली तर दात्यांमधून उजेड बाहेर येतो, म्हणजे चालू राहिली असेल तर लगेच कळतं. मारण्यासाठी उपयोग एवढाच की सगळा जोर छोट्या जागेवर येतो आणि कमी ताकदीतही समोरच्याला कळ बसते.

२. घेताना आणि बसवताना

काही बॅटऱ्यांचं पुढचं कडं आट्यांचं असतं. ते फिरवून काढता येतं आणि त्याच मापाचं दातेरी कडं बसवता येतं. माप आणि आटे जुळले पाहिजेत. डिंकाने किंवा एम-सीलने चिकटवलेलं कडं पहिल्याच फटक्यात निघून पडेल. प्लास्टिकच्या बॅटरीला कडं लावू नका, बॅटरीच फुटेल. वेल्डिंगवाल्याकडून खिळे, पाती लावून घेऊ नका. उष्णतेने आतलं रबर आणि काच खराब होते, आपल्याच पिशवीत हात कापतो, आणि झटापटीत ती त्याच्या हातात गेली तर आपल्यावरच उलटते.

घेताना चार गोष्टी बघा:
- अंग धातूचं आहे का, मुठीत नीट बसतं का.
- बटण शेपटाकडे आहे का. अंगठ्याने दाबता आलं पाहिजे.
- सेल आपल्या बाजारात मिळतो का. चार्जिंगची असेल तर आठवड्याचा एक वार ठरवून चार्ज करा.
- कड्यावरून बोट फिरवा. कापत असेल तर घेऊ नका.

बॅटरी पिशवीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. अंधारात चालताना ती हातातच हवी. तिची नाडी मनगटाला घट्ट गुंडाळू नका. कोणी ओढली तर हात अडकतो.

३. क्रम लक्षात ठेवा : उजेड, आवाज, अंतर, आणि शेवटी कडं

उजेड : अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की काही सेकंद समोरचं नीट दिसत नाही. तेवढाच वेळ आपला असतो. झोत मारून तिथेच उभ्या राहू नका, लगेच बाजूला सरका. दिवसा किंवा खांबाच्या उजेडात याचा फारसा उपयोग नाही.

आवाज : “मागे हो!” असं पोटातून ओरडा. लाज बाळगू नका.

अंतर : घर, दुकान, माणसं ज्या बाजूला असतील तिकडे पळा.

कडं : त्याने धरलंच आणि सुटता येत नसेल तरच. खलबत्त्यातला बत्ता धरतो तशी बॅटरी मुठीत धरा. कडं करंगळीच्या बाजूने बाहेर, अंगठा वर बटणावर. ज्या हाताने त्याने धरलंय त्या हाताच्या पंजावर, मनगटाच्या हाडावर मारा. मागून धरलं असेल तर मांडीवर मारा. पकड सैल झाली की थांबायचं नाही, पळायचं. डोळा, गळा, डोकं इथे मारलं तर माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. जिवावर किंवा अब्रूवर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

४. कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा बचाव करण्याचा हक्क दिला आहे. स्वतःला वाचवताना मारलं म्हणून तो गुन्हा होत नाही. पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो पळाल्यावर मागे धावून मारलं तर तो बचाव राहत नाही. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची किंवा पळवून नेण्याची भीती असेल तेव्हा कलम ३८ हा हक्क जास्त मोठा करतं.

सुटल्यावर ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. “ही हद्द आमची नाही” असं सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. विनयभंगासारख्या गुन्ह्यात आपली तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते.

५. बॅटरी कुठे कमी पडते?

तायांनो, हे स्पष्ट बोलूया. अत्याचाराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मुकादम. त्याच्यापुढे बॅटरी हातात असली तरी हात उचलत नाही. तिथे कामाला येते ती गटातली मैत्रीण, जी ऐकून घेते आणि सोबत ठाण्यापर्यंत येते. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे.

आणि रस्त्यावरचा दिवा ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. आपण बॅटऱ्या घेतल्या म्हणून खांबावरचा दिवा मागायचा सोडू नका. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे तो विषय लेखी द्या.

बैठकीत करायचं काम (अर्धा तास)

१. गोधडीची वळकटी करून एकीने धरा, दुसरीने बत्त्याच्या मुठीने हळू मारून बघा. झोत एकमेकींच्या डोळ्यांत मारू नका, छातीवर मारा.
२. सगळ्यांनी तीन वेळा मोठ्याने ओरडा. पहिल्यांदा हसू येईल, येऊ द्या.
३. गावातल्या अंधाराच्या जागांची यादी करा. त्या वाटेवर कोण, किती वाजता जातं? जोडीने जाता येईल का?
४. ज्यांना एकटीने अंधारात जावंच लागतं त्यांची नावं आधी लिहा. पैसे कमी असतील तर पहिल्या बॅटऱ्या त्यांना द्या.
५. दिव्यांच्या मागणीचा ठराव लिहा, सह्या घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पुढच्या भेटीत मी तुमची यादी आणि ठराव बघायला येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक