टाकीचं झाकण बदललं, तरी दिवा का जळतो?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. पिकअप ट्रकचा ‘चेक इंजिन’ दिवा लागला, स्कॅनरवर पी ०४५७ कोड आला, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण नवं बसवलं. दिवा तसाच आहे. पैसे वाया गेले का?

उत्तर : एवढ्यात तसं म्हणता येणार नाही. १९९६ पासूनच्या अमेरिकी मॉडेलांमधला संगणक टाकीतली वाफ कुठून निसटते का, हे तपासतो आणि हा कोड सैल झाकणाकडेच बोट दाखवतो. पण ही तपासणी दर फेरीला होत नाही. बहुतेक गाड्यांत त्यासाठी इंजिन थंड लागतं, टाकीही काठोकाठ किंवा तळाला गेलेली चालत नाही. अशा सलग तीन तपासण्या सुरळीत झाल्या की दिवा आपोआप विझतो. त्यात आठवडाही जाऊ शकतो. ‘मग स्कॅनरने कोडच पुसतो,’ असं म्हणाल. दिवा जाईल, पण संगणकाने पूर्ण केलेल्या चाचण्यांची नोंदही जाईल, आणि त्या बऱ्याच अपुऱ्या असताना धूर-तपासणीला गेलात तर गाडी परत पाठवतील.

नवं झाकण तुमच्याच मॉडेलचं आहे ना? टाकीच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. तिथे गंज असेल तर रबरी वायसर नीट टेकत नाही. हे ठीक असूनही कोड परतला, तर पर्ज व्हॉल्व्ह आणि वाफेच्या नळ्या गॅरेजमध्ये धूर सोडून तपासून घ्या. आणखी एक झाकण मात्र विकत घेऊ नका. आणि दिवा लुकलुकत असेल तर हे सारं बाजूला ठेवा: तो बहुधा मिसफायर असतो, गाडी चालवू नका.