होडी आणि जमीनदारीचा हिशेब

बंगालच्या खाडीकाठी जमीनदाराचा कारभार पाण्यावरून चाले. गुमास्ता होडीतून वसुलीस जाई आणि कुळांचे भात होडीतूनच बाजारात पोहोचे. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने सरकारी देणे बांधून दिले होते. ते ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी न भरल्यास इस्टेटीचा लिलाव होई.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. शत्रू किनाऱ्यावर उतरेल, या भीतीने सरकारने किनारी जिल्ह्यांतील दहा वा अधिक माणसे नेणाऱ्या होड्या काढून घेण्याचे ठरविले. नोंद झालेल्या सुमारे ६६ हजार होड्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक होड्या वापरातून गेल्या. मेदिनीपूर, बाखरगंज व खुलना येथील जादा तांदूळही हलविण्याचा हुकूम निघाला.

शत्रूचे सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर कधीच उतरले नाही. सरकारी भरण्याचे बंधन मात्र कायम राहिले आणि तो भरणा ज्या होड्यांवर अवलंबून होता, त्याच नाहीशा झाल्या. कुळे, कोळी, कुंभार यांचा धंदा बसला. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. म्हणून अशा इस्टेटीची वही वाचताना थकबाकीच्या आकड्याबरोबरच, त्या वर्षी धान्य नेण्यास होडी उरली होती काय, हेही अभ्यासकाने पाहावे.