बाटल्यांना आधी लेबलं लाव

बिबवेवाडी, पुणे

चि. मनू,

काल रात्री ताईचा फोन आला. गिरगावच्या खोलीत बाथरूमची खिडकी काळ्या कागदानं बंद करून तू प्रिंट धुतेस आणि हायपो, म्हणजे फिक्सर, पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून खालीच ठेवतेस, असं तिच्या कानावर आलंय. शेजारचं लहान पोर तुमच्याकडे येत-जात असतं. त्यानं ती बाटली तोंडाला लावली तर? आजच त्या बाटल्या बदल. तपकिरी बाटल्या आण, ठळक अक्षरांत रसायनाचं नाव आणि तारीख लिही, उंच फळीवर ठेव.

डेव्हलपरमधल्या मेटॉलनं कुणाकुणाच्या कातडीला खाज सुटते आणि मग ती सहजी पिच्छा सोडत नाही. ट्रेमध्ये बोटं घालू नकोस. चिमटे आणि हातमोजे वापर. फिक्सरचा वास बंद खोलीत कोंडतो. उजेड अडव, हवा अडवू नकोस.

तुला छायाचित्रकार होमाई व्यारावालांसारखं व्हायचंय, हेही ताईनं सांगितलं. मग त्यांच्याकडून नेमकं काय घ्यायचं, ते बघ. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकल्या. ‘लाइफ’चे जुने अंक पाहून त्यांची नजर घडली, पण कॅमेरा त्यांनी वळवला तो आपल्या वर्गमैत्रिणीकडे, रेहाना मोगलकडे, आणि मुंबईच्या रस्त्यांकडे. सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशांच्या नावानं छापली गेली, तरी त्या थांबल्या नाहीत. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या चौकटी उचलू नकोस, त्यांची चिकाटी उचल.

तुझ्या वयात मलाही जे. जे.ला जायचं होतं. आजोबांच्या आजारपणाचं ते वर्ष तुला ठाऊक आहे. मी नोकरी धरली, एन्लार्जर माळ्यावर गेला. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना पाहायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. आता तू ते पाहतेस. म्हणून तर जीव असा टांगणीला लागतो. त्या बाटल्या तेवढ्या बदल गं.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. दादरच्या फुलबाजारातल्या आजींचा तुझा प्रिंट आम्ही पाहिला. लुगड्याच्या घड्या काळ्यात बुडाल्यात. एन्लार्जरखाली तेवढ्या भागावरचा उजेड काही सेकंद हातानं अडवून बघ. डेव्हलपर वीस अंशांवर ठेव, उकाड्यात ट्रेखाली बर्फाचं पाणी घे. चेहरा मात्र असा उतरलाय की ताईला नि मला आपली आजी आठवली. ताई कितीतरी वेळ तो हातात धरून बसली होती.

इथली मागची खोली रिकामीच आहे. तिथं एक्झॉस्ट फॅन बसवून घेतो, एन्लार्जर खाली काढून पुसून ठेवतो. तो आता तुझा. कागदाला पैसे कमी पडले तर मला सांग, ताईला नको. सुट्टी लागली की ये. स्वारगेटला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येतो.

तुझा,
मामा