हाताने लिहिलेले पान

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेबपानात ठळक मथळा असतो, परिच्छेद असतात, चित्रेही असतात. परंतु संगणकाकडे ते पान या सजलेल्या रूपात येत नाही. येतो तो साधा मजकूर, आणि त्यात जागोजागी कोनी कंसांत लिहिलेल्या खुणा. येथे मथळा सुरू झाला, येथे संपला, हा परिच्छेद, हे चित्र, असे त्या खुणा ब्राउझरला सांगतात. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत ही भाषा निर्माण केली. गंमत अशी की, खुणा लिहिण्याचे श्रम लोकांना पडावेत अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. १९९० साली त्यांनी रचलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये खुणा न लिहिताही पान तयार करता येई. पण तो नेक्स्ट या एकाच जातीच्या संगणकावर चाले. पुढे निघालेले बहुतेक ब्राउझर केवळ वाचण्यापुरतेच होते. तेव्हा ज्याला पान लिहावयाचे, त्याला खुणा शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आवडलेल्या पानाचा मूळ मजकूर उघडावा, तसाच आपण लिहून पाहावा, हीच त्यांची शाळा. मथळा संपल्याची खूण राहून गेली, की पुढचे सारे पानच मथळा होऊन बसे! असे का झाले हे शोधता शोधता भाषा अंगवळणी पडे.

नंतर चित्रमय साधने आली. माउसने अक्षरे निवडावी, मोठी करावी, चित्र हवे तेथे ओढून ठेवावे, की पान तयार. ही सोय मोठीच. ती वापरण्यात गैर काही नाही. मात्र तिच्यातील एक उणीव डोळ्यांना दिसत नाही.

समजा, शाळेच्या पानावर कोणी 'परीक्षेचे वेळापत्रक' ही अक्षरे नुसती मोठी व ठळक केली. पाहणाऱ्यास तो मथळा वाटेल. अंध विद्यार्थी मात्र ते पान ऐकतो. स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली त्याला मजकूर वाचून दाखविते, आणि ती मथळा ओळखते तो खुणेवरून, अक्षरांच्या आकारावरून नव्हे. खूण असेल, तर एक कळ दाबून तो थेट पुढच्या मथळ्यावर जातो. नसेल, तर वेळापत्रक येईपर्यंत त्याला ओळीमागून ओळ ऐकत बसावे लागते. चित्राच्या खुणेतही वर्णनासाठी जागा राखलेली असते. ती गाळली, तर चित्राऐवजी पुष्कळदा फाइलचे निरर्थक नाव तेवढे कानी पडते. चित्रमय साधनांतही या सोयी असतात. पण ज्याने खुणा कधी लिहिल्याच नाहीत, त्याला त्या सहसा सुचत नाहीत.

हे शिकण्यास नोटपॅडसारखी साधी आज्ञावली पुरते. कोनी कंसांत इंग्रजी एच हे अक्षर व १ हा अंक लिहावा. पुढे मथळा लिहावा. अखेरीस तीच खूण पुन्हा लिहावी, पण या वेळी पहिल्या कंसानंतर एक तिरकी रेघ द्यावी. फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन इंग्रजीत एचटीएमएल ही अक्षरे लिहावीत आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडावी. कोऱ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात मथळा ठळक उमटलेला दिसेल.